धुराची वहिवाट

माझ्या लहानपणीं आम्ही ज्या वाड्यांत राहत होतों तेथें शेजारच्या बिऱ्हाडाचा बंब आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीं पेटत असे. आईनें एकदां भीत भीत तक्रार केली, तेव्हां शेजारच्या आजी शांतपणें म्हणाल्या, "अगं, तूं लग्न होऊन या वाड्यांत आलीस त्याच्या आधीं वीस वर्षें हा बंब येथेंच पेटतो आहे." आई निरुत्तर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळीं खिडकी लावून घेऊं लागली. त्या उत्तरांत चूक कोठें आहे हें मला तेव्हां सांगतां आलें नसतें. कांहीं तरी चुकतें आहे, एवढें मात्र वाटत होतें.

पुढें कायद्याचीं पुस्तकें चाळण्याचा योग आला, तेव्हां आजी अगदींच निराधार बोलत नव्हत्या असें आढळून आलें. १८८२ च्या ईझमेंट ॲक्टांत वीस वर्षांच्या निर्वेध उपभोगानें जे हक्क उत्पन्न होतात, त्यांत हवा व पाणी दूषित करण्याच्या हक्काचाहि उल्लेख आहे. वहिवाटीच्या आरंभीं जेवढें दूषण होतें तेवढीच त्याची मर्यादा, असेंहि तेथें सांगितलें आहे. म्हणजे पायवाटेप्रमाणें धुराचीहि वहिवाट! या नियमाच्या मुळाशीं कल्पना अशी दिसते कीं, ज्याला त्रास होतो त्यानें इतकीं वर्षें हूं कीं चूं केलें नाहीं, त्या अर्थीं त्याची मूक संमति असली पाहिजे. दोन शेजाऱ्यांपुरतें हें तत्त्व कदाचित् चालूनहि जाईल.

परंतु वीज निर्माण करणाऱ्या कारखान्याचें धुराडें हा कोणा एकाचा शेजार नव्हे. अमेरिकेनें १९७० सालीं स्वच्छ हवेचा कायदा मोठ्या उत्साहानें पुनर्घटित केला व नव्या कारखान्यांवर कडक मर्यादा घातल्या. १९७७ च्या दुरुस्तीनें तर बांधकामास हात घालण्यापूर्वींच परवाना घेणें आवश्यक झालें. जुनीं वीजघरें मात्र, त्यांत मोठा फेरबदल होईपर्यंत, या परवान्यांतून मोकळीं राहिलीं. जुनीं यंत्रें लवकरच आपल्या मरणानें मरतील, अशी अपेक्षा होती. घडलें उलटेंच. नवें बांधणें महाग आणि जुनें चालविणें स्वस्त, म्हणून म्हाताऱ्या यंत्रांचें आयुष्य डागडुजी करकरून वाढविण्यांत आलें. १९९९ पासून सरकारनें अनेक वीजकंपन्यांवर खटले भरले. त्यांतील एका खटल्यांतला बचाव मोठा मासलेवाईक आहे: डागडुजीनें दर तासाचा धूर वाढलेला नाहीं, यंत्र अधिक तास चालूं लागलें, इतकेंच! तासाचेंच माप धरलें पाहिजे, असें खालच्या न्यायालयानें मानलेंहि होतें. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं रद्द केला. इतक्या साध्या गोष्टीसाठीं एवढ्या मोठ्या न्यायालयापर्यंत जावें लागावें, याचें नवल वाटतें.

तथापि जुन्या मालकाची बाजू क्षुल्लक नाहीं. त्या वेळच्या कायद्यास धरून, रीतसर परवानगी घेऊन ज्यानें धुराडें उभारलें त्याला वीस वर्षांनीं गुन्हेगार ठरविणें अन्यायाचें होईल. कालच्या कृत्यास आजचा कायदा लावूं नये, हें तत्त्व मी फार थोर मानतों. तें सोडलें तर कोणाचेंच घर सुरक्षित राहणार नाहीं. पण येथें कालचें कृत्य कोणतें? धुराडें बांधलें काल. त्यांतून धूर सोडला तो आज, आज सकाळीं. परवानगी मिळाली ती विटांना. हवा रोज नव्यानें बिघडविली जाते, आणि त्या हवेंत रोज नवा माणूस येतो. त्या छायेंत गेल्या आठवड्यांत जन्मलेल्या मुलानें मूक संमति केव्हां दिली? मालक निरपराध असेल तर त्या निरपराधित्वाचें मोल समाजानें अवश्य द्यावें. पण तें मुदतीच्या रूपानें, माफीच्या रूपानें नव्हे.

आणि मुदतीचेंहि काय होतें तें आपल्या घरींच पाहावें. १९८१ च्या कायद्याप्रमाणें आपल्याकडे वीजघरांस राज्याच्या मंडळाची संमति घ्यावी लागते. ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनें कोळशावर चालणाऱ्या वीजघरांच्या धुरांतील धुळीच्या कणांस एका घनमीटरामागें मर्यादा घातली: २००४ पूर्वींच्या वीजघरांस १०० मिलिग्रॅम, २०१६ अखेरपर्यंतच्यांस ५०, त्यानंतरच्यांस ३०. यंत्राचें वय पाहून माप बदललें. खालीं राहणाराचें फुप्फुस मात्र तेंच. गंधकाच्या धुरासहि मर्यादा घातली. मुदत दोन वर्षांची होती. ती वाढली, पुन्हां वाढली, आणखी वाढली. शेवटीं जुलै २०२५ मध्यें, धुराड्याच्या उंचीची अट घालून, सुमारें ७८ टक्के वीजघरांस गंधकाच्या मर्यादेंतून मोकळें करण्यांत आलें. आपल्या कोळशांत गंधक थोडें, तें काढण्याचा खर्च मोठा, अशीं कारणें दिलीं गेलीं. तीं पोकळ आहेत असें मी म्हणत नाहीं. पण आपल्या कोळशांत गंधक थोडें आहे, हें २०१५ सालीं कोणास ठाऊक नव्हतें काय? दहा वर्षें मुदत मागत राहिल्यानें मुदतीचीच वहिवाट पडली.

याच्या उलट डहाणूचें उदाहरण आहे. चिकूच्या बागांचा हा तालुका १९९१ सालीं पर्यावरणाच्या दृष्टीनें नाजूक म्हणून जाहीर झाला होता. तेथें ५०० मेगावॅटचें वीजघर उभें राहिलें. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ सालीं न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं एक प्राधिकरण स्थापन झालें आणि त्यानें गंधकाचा पिच्छा सोडला नाहीं. धूर समुद्राच्या पाण्यानें धुऊन काढणारें यंत्र २००७ सालीं बसलें. विलंब येथेंहि झाला, पण मुदतीला शेवट होता.

आमच्या वाड्यांतला तो बंब पुढें आपोआपच अडगळींत गेला. आजींच्या मुलानें विजेचा गीझर आणला, आणि वर्षभरांत आमच्याकडेहि आला. आईनें सकाळीं खिडकी उघडी ठेवण्यास सुरुवात केली. ती वीज कोणाच्या खिडकीखालून येत होती, याची चौकशी आमच्या दोन्ही बिऱ्हाडांत कोणींच केली नाहीं.