यादवीचे चित्रण आणि कारणांविषयीचे मौन

अ‍ॅलेक्स गारलँड यांचा ‘सिव्हिल वॉर’ २०२४ मध्ये प्रदर्शित झाल्यापासून त्याचे समर्थक असे सांगत आले आहेत की, अमेरिकेत भडकलेल्या काल्पनिक यादवीचे कारण न सांगणे हीच या चित्रपटाची सचोटी आहे, कारण त्याचे नायक पत्रकार आहेत आणि पत्रकाराने बाजू घ्यायची नसते. हा दावा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. घडले ते जसेच्या तसे नोंदवणे ही एक गोष्ट आहे आणि ते का घडले याविषयी गप्प राहणे ही दुसरी.

चित्रपटातच या दाव्याला छेद देणारा प्रसंग आहे. लाल चष्म्याचा एक बंदूकधारी प्रेतांनी भरलेल्या खड्ड्याजवळ उभा राहून प्रत्येक पत्रकाराला, तू कोणत्या प्रकारचा अमेरिकन, असे विचारतो आणि हाँगकाँगचे नाव ऐकताच टोनी या पत्रकाराला गोळी घालतो. पत्रकाराची तटस्थता समोरच्या बंदुकीने मान्य केली तरच टिकते, हे दिग्दर्शकाला दिसले आहे. मात्र तो बंदूकधारी असा कशाने घडला, याकडे दिग्दर्शक वळत नाही.

घडले ते नोंदवताना कारणही सांगावे का, हा प्रश्न सोलापुरात टाळता येण्यासारखा नाही. १९३० च्या मे महिन्यातील उठाव यादवी नव्हता, तो परकीय सत्तेविरुद्धचा होता. तरीही स्वतःच्याच शहरातील रक्तपाताची नोंद कोणी आणि कशी करावी, हा पेच तोच होता. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, शिंदीची झाडे तोडली गेली, ८ मे रोजी गोळीबारात शंकर शिवदारे पडले, जमावाच्या हातून पोलीस मारले गेले आणि १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला, ज्याखाली गांधी टोपी घालणेही गुन्हा ठरले. ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे तुरुंगात गेले. ‘गझनफर’ हे पत्र चालवणारे अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासह १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. या संपादकांना बाहेरून येऊन टिपून निघून जाण्याची मुभाच नव्हती.

येथवर युक्तिवाद तटस्थतेच्या विरोधात जातो, परंतु हुतात्म्यांच्या खटल्याकडे नीट पाहिले की तो अडखळतो. कुर्बान हुसेन यांच्यावरील आरोप लेखनाचा नव्हता, पोलिसांच्या खुनाचा होता, आणि चौघेही निर्दोष होते अशी सोलापूरची धारणा आजही आहे. आरोप उभा राहिला तो साक्षींवर. त्या दिवशी कोण कोठे होते याची, कोणाचीही भीड न बाळगणारी नोंद असती, तर तिचा सर्वाधिक उपयोग आरोपींनाच झाला असता. म्हणजे चित्रपटातील ली या छायाचित्रकार स्त्रीची निर्विकार अचूकता तुच्छ लेखण्याजोगी खचितच नाही. सत्तेने निवडलेल्या साक्षीदारांपुढे दुबळ्याला तोच आधार असतो.

लेखिका सुझन सोन्टाग यांचा विचार या ठिकाणी फार मोलाचा वाटतो. १९७७ च्या ‘ऑन फोटोग्राफी’ या ग्रंथात त्यांनी छायाचित्र काढणे ही मुळात हस्तक्षेप न करण्याची कृती असल्याचे म्हटले आणि वारंवार पाहिल्याने संवेदना बोथट होते, असे बजावले. २००३ च्या ‘रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स’ मध्ये त्यांनी हे दुसरे मत स्वतःच तपासायला घेतले आणि निराळा भेद पुढे आणला: छायाचित्र मनाचा पिच्छा पुरवते, परंतु उमज पडते ती निवेदनाने. या भेदामुळे गारलँड यांची उणीव नेमकी कळते. त्यांच्या हाती कॅमेऱ्यासारखे क्षण गोठवणारे साधन नव्हते, पूर्ण लांबीचे निवेदन होते, आणि त्यांनी ते छायाचित्रासारखे वापरले. जेसी या तरुण छायाचित्रकार मुलीला वाचवताना ली कोसळते, जेसी तो क्षणही टिपते आणि पुढे जाऊन राष्ट्राध्यक्षाच्या हत्येचे चित्र घेते. परंतु चित्रपटात राष्ट्राध्यक्षाविरुद्ध लढणारी टेक्सास आणि कॅलिफोर्निया ही राज्ये कशासाठी एकत्र आली हेच ठाऊक नसल्याने ती हत्या न्याय आहे की सूड, हे प्रेक्षकाला ठरवता येत नाही.

सोलापूरच्या १९३० वर कोणी चित्रपट काढील, तर त्याला गोळीबार दाखवावा लागेल, जमावाने मारलेले पोलीसही दाखवावे लागतील, आणि गिरणी कामगार त्या दिवशी काम टाकून रस्त्यावर का आला, हेही तितक्याच निर्भीडपणे सांगावे लागेल.