प्राणेशा आणि पाणीपाळी

दिव्यांग मुलाचा रात्रंदिवस सांभाळ करणाऱ्या आईवडिलांना मनःशांतीसाठी श्वासाचे व्यायाम सुचवले जातात आणि अलीकडे त्यांच्या जोडीला कानाशी किंवा मानेशी असलेल्या एका तंत्रिकेला सौम्य विद्युत्‌स्पंदांनी चेतवण्याचा उपायही सांगितला जातो, तेव्हा वरकरणी तो आरोग्याचा सल्ला असला तरी त्याच्या पोटात एक जुना धार्मिक प्रश्न असतो. शांती ही शरीराची एक अवस्था आहे की माणसामाणसांतील व्यवस्थेचे फळ आहे, आणि जिच्या वाट्याला ती येत नाही तिने ती स्वतःच्या साधनेने कमवावी अशी अपेक्षा धरणे न्याय्य आहे काय, असा तो प्रश्न होय.

ही तंत्रिका मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी दहावी असून ती मानेतून खाली उतरते आणि हृदय, फुप्फुसे, जठर व आतडी यांच्यापर्यंत पसरते. तिच्या मूळ लॅटिन नावाचा अर्थ ‘भटकी’ असा आहे. मराठी परिभाषेने मात्र तिला ‘प्राणेशा’ म्हटले, आणि भाषांतरात अर्थ खालावण्याऐवजी उंचावल्याचे हे दुर्मीळ उदाहरण मानावे लागेल. तिच्यातील बहुसंख्य तंतू, साधारणपणे पाचांपैकी चार, शरीराकडून मेंदूकडे वार्ता नेतात, म्हणजे ती आज्ञा देण्यापेक्षा ऐकून सांगण्याचे काम अधिक करते. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर केलेल्या प्रयोगात ही तंत्रिका चेतवली असता हृदयाची गती मंदावते आणि ते काम एका रासायनिक द्रव्यामार्फत होते, हे दाखवून दिले. श्वास आत घेताना हृदय किंचित वेगाने आणि बाहेर सोडताना किंचित सावकाश चालते, त्यामागेही मुख्यतः प्राणेशाच असते. म्हणून उच्छ्वास लांबवला की विश्रांतीच्या यंत्रणेला, म्हणजे परानुकंपी तंत्रिका तंत्राला, अधिक वाव मिळतो. याच्या उलट संकटात छाती धडधडवणाऱ्या आणि झोप उडवणाऱ्या यंत्रणेला परिभाषेत ‘अनुकंपी’ असे नाव आहे. मूळ ग्रीक शब्दातील सहवेदनेचा अर्थ जपण्यासाठी घडवलेले हे नाव सांभाळ करणाऱ्या आईच्या बाबतीत शब्दशः खरे ठरते, कारण मुलाच्या प्रत्येक कण्हण्याला तिचे शरीर साथ देत राहते आणि तिची अनुकंपाच तिला थकवते.

यंत्रांच्या बाबतीत मात्र तारतम्य हवे. शस्त्रक्रियेने छातीच्या कातडीखाली बसवायचे आणि मानेतील प्राणेशेला तारेने जोडायचे यंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्ये अपस्मारासाठी आणि 2005 मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी मान्य केले. कानाच्या पाळीजवळ लावायची उपकरणे कानाच्या त्वचेपर्यंत येणाऱ्या प्राणेशेच्या एका शाखेला स्पर्श करू पाहतात. ताण कमी करण्याच्या संदर्भात त्यांच्याविषयीचा पुरावा अजून तितका भक्कम नाही. मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांमध्ये अपस्मार वारंवार आढळतो, त्यामुळे जे तंत्र आधी मुलाच्या आजारासाठी घडले त्याचीच सौम्य आवृत्ती आता त्याच्या आईसाठी पुढे येत आहे.

प्राणेशा आणि अध्यात्म यांची गाठ महाराष्ट्रात फार पूर्वीच घातली गेली होती. मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी 1927 मध्ये कुंडलिनीवर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला आणि योगशास्त्रातील कुंडलिनी म्हणजे उजवी प्राणेशा तंत्रिकाच होय, असे प्रतिपादन केले. त्या ग्रंथाला तंत्रशास्त्राचे अभ्यासक सर जॉन वुड्रॉफ यांची प्रस्तावना लाभली, पण कुंडलिनी ही शक्ती आहे, तिला एखाद्या तंत्रिकेशी एकरूप मानता येणार नाही, अशी असहमती त्यांनी त्या प्रस्तावनेतच नोंदवली. त्याआधी तीन वर्षे, 1924 मध्ये, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगक्रियांमध्ये शरीरांतर्गत दाब कसा बदलतो याची मापने सुरू केली होती. या दोन मार्गांत कुवलयानंदांचा मार्ग अधिक सुरक्षित म्हणावा लागतो, कारण अनुभवाला शरीराचा आधार शोधणे वेगळे आणि अनुभव म्हणजे शरीराचा एक भाग असे ठरवणे वेगळे. रेळ्यांचे समीकरण टिकले नाही. तरी आज प्राणेशा शांत केली की मन शांत झालेच, असे जे सर्रास सांगितले जाते ते त्याच समीकरणाचे नवे रूप आहे.

प्राचीन ग्रंथांनी या बाबतीत अधिक सावधपणा दाखवला आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतील समाधिपादात चित्त विखुरले की दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची विस्कळीत गती ही सोबत येतात असे म्हटले आहे, आणि पुढे श्वास बाहेर सोडून तो धरण्याचा उपाय येतो. पण तो इतर अनेक उपायांबरोबर विकल्प म्हणून येतो, आणि त्याच्याही आधी मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या भावना सांगितलेल्या आहेत. बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात याहूनही मर्मग्राही कथा आहे. वाणी, डोळा, कान अशा इंद्रियांनी आपापले काम अखंड करण्याचा निश्चय केला तेव्हा मृत्यू श्रमाचे रूप घेऊन आला आणि त्याने त्या सर्वांना ग्रासले. केवळ मध्यवर्ती प्राण त्याच्या हाती लागला नाही. थकवा हे मृत्यूचेच रूप आहे, ही या कथेतील जाणीव असाधारण आहे. समाज आईकडून जी अपेक्षा धरतो ती प्राणाची आहे, न थकणाऱ्या तत्त्वाची आहे. प्रत्यक्षात ती मात्र वाणी आणि डोळा यांच्यासारखी असते, बोलून थकणारी आणि जागून थकणारी.

श्वासाचा उपाय यामुळे खोटा ठरत नाही. लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि बौद्धांचा ‘ॐ मणिपद्मे’ मंत्र या दोन्हींमुळे श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येते आणि रक्तदाब व हृदयगती यांच्या लयी एकमेकींशी जुळतात, असे आढळले. दोन दूरच्या धर्मपरंपरा एकाच लयीशी येऊन थांबाव्यात हे विलक्षण खरे, पण मराठी घरांना ते फार नवलाचे वाटू नये. नामजप, हरिपाठ, जात्यावरची ओवी या सगळ्यांत गाणे म्हणजे शरीराच्या भाषेत लांबवलेला उच्छ्वासच असतो, आणि ओवी गाणाऱ्या बाईने आपण प्राणायाम करीत आहोत असे कधी म्हटले नाही. ज्यांना आज बसून साधना करायची आहे त्यांनी चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा, किंवा भ्रामरीप्रमाणे गुंजारव करीत सोडावा, एवढे पुरेसे असते. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी श्वास दीर्घकाळ कोंडणे आणि भस्त्रिकेसारखे जोरकस प्रकार टाळावेत.

अडचण येते ती बसण्याचीच. हठप्रदीपिका या योगग्रंथाच्या आरंभी साधकासाठी एकांतातील लहानशा कुटीचे वर्णन आहे, आणि तिथे धनुष्यभर अंतरात दगड, अग्नी व पाणी यांचा उपद्रव नसावा असे सांगितले आहे. ज्या घरात सोळा वर्षांच्या मुलाला उचलून न्हाणीत न्यावे लागते, घास भरवताना तो घशात अडकणार नाही याकडे डोळा ठेवावा लागतो आणि रात्री दोनदा कूस बदलून द्यावी लागते, तिथे धनुष्यभर अंतर मिळायचे कोठून? संसार सोडलेल्यांसाठी रचलेली साधना ज्यांना घराचा उंबराही सोडता येत नाही त्यांच्या हाती दिली जाते, तेव्हा तिचे स्वरूप पालटते. नाथपंथाचा वारसा सांगणाऱ्या ज्ञानदेवांना हे भान होते. निवृत्तिनाथांना ज्या त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांचा अनुग्रह झाला अशी परंपरा आहे, त्याच नाशिक परिसराशी जोडलेला हा योगमार्ग ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या वर्णनासह मराठीत उघड केला. पण बाराव्या अध्यायात त्याच मार्गाचे कष्ट सांगून त्यांनी भक्तीची सोपी वाट दाखवली. मार्ग खरा असूनही तो सगळ्यांच्या परिस्थितीला झेपेलच असे नाही, हा विवेक त्यात आहे.

हा विवेक सुटला की काय होते, याची साक्ष कर्मविपाकाच्या कल्पनेने दिली आहे. मूल अपंग जन्मले तर ते आईच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असा दोष अनेक पिढ्या दिला गेला आणि आजही नात्यागोत्यात तो दबक्या आवाजात दिला जातो. श्वासाच्या उपदेशात पापाची भाषा नसते, तरीही मन शांत होत नसेल तर साधनेत सातत्य नाही, असा निष्कर्ष निघू लागला की दोष पुन्हा तिच्याच पदरात पडतो. फक्त पूर्वजन्माची जागा सकाळच्या अर्ध्या तासाने घेतलेली असते. ‘आमच्यानंतर याचं काय?’ हा जो प्रश्न अशा प्रत्येक घरात विचारला जातो, त्याला प्राणेशेजवळ उत्तर नाही.

त्याचे उत्तर सांभाळाचा भार कोण वाटून घेतो यावर अवलंबून आहे, आणि नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील ओझर हे गाव त्याचा विचार करण्यास विशेष सोयीचे आहे, कारण तिथे दोन प्रकारचे जीवन शेजारी नांदते. 1964 मध्ये मिग विमानांच्या निर्मितीसाठी उभा राहिलेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आणि त्याची वसाहत एका बाजूला, तर बाणगंगेच्या काठची द्राक्षांची शेती दुसऱ्या बाजूला. वसाहतीतील लहान कुटुंबाला आजी-मावशीचा हात जवळ नसतो आणि शेतकरी कुटुंबात छाटणी-काढणीच्या दिवसांत कोणाचाच हात मोकळा नसतो. कारखान्यातील कामगाराची पाळी भोंग्याबरोबर संपते. सांभाळणाऱ्या आईची पाळी संपत नाही. याच ओझरने पाळी या शब्दाला आणखी एक अर्थ मिळवून दिला आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या ओझरच्या शेतांपर्यंत पोहोचत नसे. तेव्हा बापूसाहेब उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्रातील त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांना संघटित करून पाणी वापर संस्था उभ्या केल्या, आणि मोजून पाणी घेण्याची व ठरल्या पाळीने ते वाटण्याची शिस्त लावली. टंचाईचा भार एकट्या टोकाच्या शेतकऱ्यावर न राहता सर्वांच्या हिशेबात आला, हे त्या प्रयोगाचे खरे यश होते.

सांभाळाच्या बाबतीत दिव्यांग मुलाची आई अशीच टोकाला उभी असते. तिच्यासाठी पाळी लावण्याचे प्रयत्न झालेले नाहीत असे नाही. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने 1977 मध्ये मतिमंद मुलांसाठी ‘प्रबोधिनी’ ही शाळा सुरू केली. मूल सुरक्षित हाती आहे हे ठाऊक असलेले शाळेचे ते चार-पाच तास कोणत्याही रेचक-पूरकापेक्षा आईचा श्वास अधिक मोकळा करतात. राष्ट्रीय न्यासाच्या योजनांमध्ये पालकांना विसावा मिळावा म्हणून मुलाला काही काळ ठेवून घेण्याची आणि काळजीवाहक प्रशिक्षित करण्याची तरतूद आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मोबदला न घेता सांभाळ करणाऱ्या आईवडिलांनाही काळजीवाहकाच्या व्याख्येत घेतले आणि ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख केला. तरतूद कागदावर असणे आणि ती गावातल्या उंबऱ्यापर्यंत पोहोचणे यांतील अंतर ओझरच्या शेतकऱ्यांना कालव्याच्या अनुभवावरून चांगले ठाऊक आहे.

म्हणून नाशिक जिल्ह्यात पालकांसाठी प्राणायामाची शिबिरे घेणाऱ्या योगसंस्थांनी आणि मंडळांनी शिबिराच्या पत्रकात वेळ आणि स्थळ यांच्या खाली आणखी एक ओळ छापावी: त्या तासाभरात शेजारच्या खोलीत मुलांजवळ कोण बसणार आहे, त्याचे नाव.