व्यक्ती, आकृती आणि जाती : क्यूच्या चित्रकारांची दृष्टी

वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथातील चित्र नेमके कशाचे असते, हा प्रश्न वरवर कलेचा वाटला तरी मुळात तो ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान कशाचे होते आणि कोणत्या मार्गाने होते याची छाननी करणाऱ्या शास्त्राचा आहे. न्यायसूत्रांनी शब्दार्थाच्या चर्चेत तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: व्यक्ती म्हणजे समोरची एकेक वस्तू, जाती म्हणजे तशा सर्व वस्तूंतील सामान्य धर्म आणि आकृती म्हणजे जिच्यावरून जाती ओळखू येते ती अवयवांची ठेवण. व्हिक्टोरियन इंग्लंडमधील वनस्पतिचित्रकाराला न्यायसूत्रकार गौतम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी किडीने पाडलेले पानाचे भोक गाळायचे आणि पुंकेसर मात्र मोजून काढायचे, ही त्याच्या कामाची रीत आकृतीचीच होती.

ही रीत शिकवावी लागे. 1817 साली जन्मलेला वॉल्टर हूड फिच ग्लासगोत छापील कापडावरची नक्षी काढण्याची उमेदवारी करत होता, आणि कापडावरचे फूल कोणत्याच जातीचे नसले तरी चालते. तेथील प्राध्यापक विल्यम हूकर यांनी पैसे भरून त्याची त्या करारातून सुटका केली, वनस्पतीचे अवयव पाहायला शिकवले, आणि 1834 साली, सतराव्या वर्षी, ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’मध्ये त्याचे चित्र आले. पुढे 1841 साली हूकर लंडनजवळच्या क्यू उद्यानाचे संचालक झाले तेव्हा फिचही तेथे गेला, पण त्याचे वेतन उद्यान नव्हे, हूकर स्वतः देत. त्याची सुमारे दहा हजार चित्रे प्रसिद्ध झाली. जिवंत झाड काढणे ही एक प्रकारची नक्कलच, चित्रकाराची खरी कसोटी वाळलेल्या नमुन्यावर लागते, असे त्याचे मत होते, आणि ते तत्त्वचिंतकाने गंभीरपणे घ्यावे असे आहे. कारण कागदावर दाबून चपटे झालेले, रंग उडालेले फूल पुन्हा उभे करताना प्रत्यक्ष संपते आणि अनुमान, म्हणजे दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्याचे ज्ञान, सुरू होते.

विल्यम यांचे पुत्र व उत्तराधिकारी जोसेफ हूकर यांच्याशी मोबदल्यावरून बिनसल्यामुळे 1877 साली फिचने काम सोडले. जोसेफ यांनी मग आपल्याच नात्यातल्या, मुंबईत 1854 साली जन्मलेल्या मटिल्डा स्मिथ यांना तयार केले. त्यांचे पहिले चित्र 1878 साली छापले गेले, पण क्यूच्या अधिकृत चित्रकार हे पद 1898 साली मिळाले. वीस वर्षांचा हा विलंब संस्थेला फारसा भूषणावह नाही. अपुऱ्या, सुरकुतलेल्या नमुन्यांतून वनस्पती पुन्हा रचण्याबद्दलच त्या विशेष वाखाणल्या गेल्या.

येथे अडचण उभी राहते. अनुमानाला व्याप्ती, म्हणजे खूण आणि खुणेने कळणारी वस्तू यांचे अव्यभिचारी साहचर्य, लागते. पण जोसेफ यांचेच स्नेही डार्विन यांनी 1859 साली जातींच्या सीमा स्थिर नाहीत असे मांडले होते. मग चित्रकार ज्या सामान्य धर्माच्या भरवशावर पाकळी वळवतो, तो वस्तूत असतो की शास्त्रज्ञाने घडवलेल्या नजरेत? नामकरणाच्या व्यवहाराने याचे उत्तर न देताच वाट काढली आहे: काही जुन्या नावांचे प्ररूप, म्हणजे ते नाव ज्याला कायमचे बांधले आहे तो आधार, वाळलेली फांदी नसून छापलेले चित्रच आहे, आणि तेथे व्यक्तीच्या जागी आकृती बसली आहे.