रिवाजाची अंगठी

आमच्या गोंदिया जिल्ह्यात दिवाळी आल्याची वर्दी प्रथम नाकाला मिळते. हलके धान कापून झालेले असते, बांध्यांतून कडपा पसरलेल्या असतात आणि ओल्या तणसाचा वास सकाळच्या धुक्याबरोबर थेट गावात शिरतो. त्यातच राईस मिलमधून उसन्या तांदळाचा उबट वास येऊन मिसळतो. मग बाजारात पणत्या दिसू लागतात, सराफाच्या दुकानात बायकांची गर्दी होते आणि भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडयांना सुरुवात होते. दंडारीचे ढोलके एका गावात थांबते तोच दुसऱ्या गावात ऐकू येते. धान पिकले तर दिवाळी गोड, आणि नाही पिकले तर फराळाच्या डब्यालाही ते कळते.

माझे गाव आमगाव. हावडा-मुंबई लोहमार्गावर गोंदियाच्या पूर्वेला ते आहे. खेडे म्हणावे तर मोठे आणि शहर म्हणावे तर लहान, असा त्याचा विस्तार. 1999 साली भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला, तेव्हापासून तालुक्याच्या या गावाला थोडा अधिक बाळसा आला. तांदळाच्या गिरण्या आहेत, ठोक किराण्याची दुकाने आहेत, दोन-दोन मजल्यांची घरे आणि त्यांच्या दारात मोटारी आहेत. पुण्यामुंबईचे पाहुणे आले की म्हणतात, “अहो, तुम्ही तर आमच्यापेक्षा सुखी आहात!” आणि लगेच विचारतात, “पण इथे कंटाळा येत नाही का हो?”

या प्रश्नाचे उत्तर मी बरीच वर्षे शोधतो आहे. मी मॅट्रिक झालेला, पुढे चित्रकलेची पदविका घेतलेला एक शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्या गावातले लोक विकत घेत नाहीत, मागून नेतात. पण मागून नेतात आणि वाचतातही, हे कबूल केले पाहिजे. लहान गावात कंटाळा येत नाही, याचे खरे कारण म्हणजे तिथे माणसाला एकटे राहण्याची सोयच नाही. मला सर्दी झाली की औषधाच्या दुकानदाराला ती माझ्या आधी कळते. वडील गेले त्या रात्री मी कोणाला काही सांगण्यापूर्वीच अंगणात सरपण येऊन पडले होते. ते कोणी आणले, हे मला तेराव्या दिवशी समजले. अशा गावाबद्दल वाईट कसे बोलावे?

या ओळखीचे एक नैतिक मोलही आहे, असे मी पूर्वी मोठ्या अभिमानाने सांगत असे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात एक गोष्ट आहे. लिडियाच्या राजाच्या पदरी असलेल्या एका गुराख्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा तळहाताकडे फिरवला की ती घालणारा अदृश्य होतो. गुराख्याला हे कळल्यावर त्याने काय करावे? राणीला वश केले, राजाला मारले आणि राज्य घेतले. प्लेटोच्या संवादातले एक पात्र विचारते, अशी अंगठी मिळाली तर सज्जन माणूस तरी सज्जन राहील काय? मी वर्गात आणि वर्गाबाहेर सांगत असे की, मुलांनो, मोठे शहर म्हणजे ही अंगठीच आहे. तिथे कोणी कोणाला पाहत नाही. आपल्या गावात मात्र ती अंगठी कोणाच्याही बोटात बसत नाही. इथे प्रत्येक माणूस प्रत्येकाला दिसतो, म्हणून इथे माणूस सरळ राहतो. ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांची आपण थट्टा करतो. पण अर्ध्या गावाची नीती त्यांच्यावरच उभी आहे.

माझा हा अभिमान दोन वर्षांत कसा उतरला, तेच आज सांगायचे आहे.

माझ्या वडिलांनी काटकसर करून घेतलेली चार एकर धानाची जमीन आहे. ती मी स्वतः करीत नाही. शेजारच्या खेड्यातला एक शेतकरी ती अधियाने करतो. बी-खताचा खर्च निम्मा माझा, निम्मा त्याचा. पीक निम्मे माझे, निम्मे त्याचे. अंगमेहनत मात्र सगळी त्याची. पऱ्हे टाकण्यापासून पुंजणे रचण्यापर्यंत तो आणि त्याची बायको त्या बांध्यांत असतात. तो मला गुरुजी म्हणतो, मी त्याला भाऊ म्हणतो. आमच्यात कागद नाही. कागद का नाही, तर 1958 चा विदर्भाचा कूळकायदा अजून मालकांच्या मनात घर करून आहे. कागद केला तर कूळ लागेल, अशी भीती माझ्या वडिलांना होती आणि ती जमिनीबरोबर मलाही वारशाने मिळाली आहे.

आता आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकायचे तर नोंदणी सातबाऱ्यावर होते आणि पैसे सातबाऱ्यावरच्या माणसाच्या खात्यात येतात. 2022-23 च्या हंगामात साधारण धानाचा आधारभाव क्विंटलला 2040 रुपये होता. हे पैसे मी नेहमीप्रमाणे निम्मे वाटून दिले. त्यात कधी एका रुपयाची चूक झाली नाही. पण त्या हंगामासाठी राज्य सरकारने धान उत्पादकांना हेक्टरी 15000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याचे ठरविले. आमच्याकडे याला सगळे बोनस म्हणतात. 2023 मध्ये माझ्या खात्यात असे 24000 रुपयांच्या आसपास जमा झाले.

ते मी वाटले नाहीत. लपवलेही नाहीत, कारण लपवण्याची गरजच नव्हती. आमच्याकडे बोनस मालकाचा असतो. माझ्या ओळखीचा प्रत्येक मालक तो ठेवून घेतो, आणि तो वाटावा असे कोणाच्या मनात येत नाही. मी त्या पैशांतून दिवाळीपूर्वी घराला रंग दिला. रंग चांगला जमला. चित्रकलेचा मास्तर असल्यामुळे त्यात माझी प्रतिष्ठाही गुंतली होती. गल्लीतल्या सगळ्यांनी स्तुती केली. पाडव्याला भाऊ नव्या धानाचे पोहे घेऊन आला, अंगणात उभा राहून त्याने भिंतीकडे पाहिले आणि म्हणाला, “रंग साजरा दिसते जी, गुरुजी.” मी त्याला चहा दिला. पोहे फार छान होते.

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा मी सातवीच्या वर्गाला ‘आमचे शेत’ हा विषय दिला. भाऊची मुलगी त्या वर्गात होती. तिने चार बांध्या काढल्या, धुऱ्यावरचे मोहाचे झाड काढले, झाडाखाली पाण्याची कळशी आणि वाकून रोवणी करणाऱ्या बायांची एक रांग काढली. मी वहीत पाहिले आणि मला झाड ओळखू आले. मोहाची एक फांदी विजेने मोडलेली आहे, तीसुद्धा तिने मोडलेली दाखविली होती. ते माझे शेत होते. खाली तिने ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘आमचे शेत’. मी स्वतः त्या झाडाचे चित्र कधी काढलेले नाही. मोडलेली फांदी कोणत्या बाजूची, हे मला तिची वही पाहिल्याशिवाय सांगता आले नसते.

मी तिला दहापैकी नऊ गुण दिले आणि त्या रात्री मला नीट झोप आली नाही.

मी स्वतःशी वाद घातला. जमीन माझ्या वडिलांच्या घामाची आहे. बी-खतात माझे पैसे आहेत. पाऊस फसला तर माझेही बुडते. हे सगळे खरे आहे. पण सरकारने पैसे दिले ते धान पिकविल्याबद्दल. चार एकरांत धान कोणी पिकविले, असे कोणी मला शपथेवर विचारले असते तर ‘मी’ असे एकट्याने म्हणण्याचे धैर्य मला झाले नसते. निम्मे मी, निम्मे तो, हे तर आमच्या कराराचेच म्हणणे होते. मग हीच एक रक्कम अख्खी माझी कशी झाली? आणि इतकी वर्षे मी ज्या डोळ्यांचा गर्व वाहिला, ते गावाचे डोळे तेव्हा कुठे होते?

तेव्हा माझ्या ध्यानात आले की अंगठी आमच्या गावातही आहे. ती एकाच्या बोटात नाही, सगळ्यांच्या बोटांत आहे. तिचे नाव रिवाज. जे एकटा करतो ते गावाला दिसते. जे सगळे करतात ते कोणालाच दिसत नाही. मी भाऊच्या वाट्याचे एक पोते धान चोरले असते तर संध्याकाळपर्यंत बाजारात तोंड दाखविण्याची सोय उरली नसती. पण त्याच्या वाट्याचे 12000 रुपये मी भिंतीला फासले आणि गावाने रंगाची स्तुती केली.

आमच्या गावाजवळच पद्मपूर आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी भवभूतीचे पद्मपूर ते हेच, असे मत मांडले आहे, आणि आमच्या लोकांना त्याचा मोठा अभिमान आहे. त्या महाकवीच्या ‘उत्तररामचरिता’तला पहिला अंक मला त्या दिवसांत पुन्हापुन्हा आठवत असे. थकलेली सीता रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपलेली आहे. दुर्मुख येतो आणि लोक काय म्हणतात ते रामाच्या कानात सांगतो. राम रडतो, स्वतःला दोष देतो आणि तिचा त्याग करण्याचे ठरवितो. तिला कोणी उठवीत नाही. लोक काय म्हणतात हे रामाने ऐकले. जिच्यावर प्रसंग येणार होता तिला मात्र कोणी काही विचारले नाही. आम्ही लहान गावची सुखवस्तू माणसे याहून निराळे काय करतो? आमचे कान लोकांच्या बोलण्याकडे फार तीक्ष्ण असतात. जो काहीच बोलत नाही त्याचे मौन म्हणजे आम्ही संमती समजतो.

आठ दिवसांनी मी पैसे घेऊन भाऊकडे गेलो. मला वाटले होते, त्याचे डोळे भरून येतील. कादंबरीकाराला अशी स्वप्ने पडतात! तो घाबरला. “राहू द्या ना जी, गुरुजी. आजपर्यंत कोणी देल्ला नाही. तुम्ही द्यान तं बाकीचे मालक आम्हाले का म्हणतील?” त्याचा भाऊ आणि मेव्हणा दुसऱ्यांच्या जमिनी करीत होते. माझ्या औदार्याचा भुर्दंड त्यांना पडेल, हे त्याला दिसत होते आणि मला दिसले नव्हते. त्याच्या बायकोने मात्र आतून विचारले, “आणि पुढच्या सालची जमीन?” मी हिशेब चुकता करून जमीन काढून घ्यायला आलो आहे, असे तिला वाटले होते. इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर माझ्याबद्दल तिला एवढाच विश्वास होता, आणि तो चूक होता असेही मला म्हणता येईना. ‘आम्ही सगळे घरच्यासारखे आहोत’ हे वाक्य आमच्या गावात नेहमी घराचा मालकच बोलतो.

शेवटी वहिनींनीच तोड काढली. ती रक्कम पुढच्या खरिपाच्या बी-खताच्या त्यांच्या हिश्शात वळती करावी. तसे केले. 2023-24 च्या हंगामासाठी हेक्टरी 20000 रुपये जाहीर झाले. ते 32000 रुपयांवर आले, तेव्हा मी निम्मे वेगळे काढून वहीत लिहिले आणि तिथे दोघांच्या सह्या झाल्या.

गाव बोललेच. चहाच्या टपरीवर एकाने सुनावले, “गुरुजी, तुम्हाला पुस्तकांचे पैसे येतात, आमचे काय?” माझ्या पुस्तकांच्या पैशांत दाराची एक चौकटही रंगली नसती, पण मी गप्प बसलो. दुसऱ्याने रिवाज बिघडवल्याचा आरोप केला. तिसरा, माझा चांगला मित्र, वाटेत थांबवून हळूच विचारू लागला की मी नेमके कसे लिहून घेतले. पुढे त्याने काय केले ते मी विचारलेले नाही.

वाचकहो, हे मी माझ्या चांगुलपणाची जाहिरात म्हणून सांगितले असे कृपा करून समजू नका. तो पैसा कित्येक महिने माझ्याकडे होता आणि मला काहीही बोचत नव्हते, ही यातली मुख्य गोष्ट आहे. एका मुलीने मोडकी फांदी नीट काढली नसती तर कदाचित आजही बोचले नसते. समृद्ध लहान गावात राहणे म्हणजे काय, असे आता मला कोणी विचारले तर मी म्हणेन, आपण ज्यांच्यामुळे सुखात आहोत त्यांना रोज नावाने हाक मारीत जगणे. शहरातल्या श्रीमंताला त्याचा तांदूळ कोणी रोवला हे ठाऊक नसते. मला ठाऊक आहे. तिच्या मुलीचा हजेरीपटावरचा क्रमांकही ठाऊक आहे. म्हणून त्याची सबब मला लागू होत नाही.

भिंतीचा रंग दोन पावसाळ्यांत उतरला आहे. पुन्हा द्यायला हवा, असे घरात म्हणतात. पाडव्याला भाऊ पोहे घेऊन येईल. बोनसचे वहीतले पान आहे, पण जमिनीचा कागद अजून नाही. वडिलांची ती भीती माझ्याकडून अद्याप सुटलेली नाही आणि त्याने कधी मागितलेले नाही. या वेळी चहा पुढे करताना तो विषय मीच काढणार आहे. त्याने काढण्याची वाट पाहत बसलो तर ती माझी मुलेही पाहत बसतील.