गोळीने आलेला अनुभव आपला असतो का?



परीक्षेच्या दिवसांत होस्टेलच्या गच्चीवर एका मित्राने मला विचारले, "अरे, तू रोज पहाटे उठून ध्यानाला बसतोस. दहा वर्षांनी मिळणारे एका गोळीत मिळत असेल, तर एवढी मेहनत कशाला?" मला उत्तर सुचले नाही. तुम्ही काय सांगितले असते?

प्रश्न जुना आहे. अमेरिकन कादंबरीकार केन केसी यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्कच्या रुग्णालयात एलएसडीच्या प्रयोगांसाठी स्वतःहून नाव दिले. १९६४ मध्ये मित्रांसह रंगवलेल्या बसमधून त्यांनी अमेरिका ओलांडली. पुढे एलएसडी घेऊन रात्रभर नाचगाण्याचे मेळावे भरवले. अनेक तरुणांना वाटले, मुक्तीचा जवळचा रस्ता सापडला.

पुढे केसींचे स्नेही झालेले कवी ॲलन गिन्सबर्ग १९६२ मध्ये कोलकात्यात राहत होते. मी कॉमर्स शिकतो ते हेच शहर. कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाऊसमध्ये ते बंगाली कवींना भेटत, निमतला घाटावर जळत्या चितांजवळ साधूंसोबत गांजा ओढत बसत. अमली पदार्थांनी त्यांना दर्शने दिली होती, तशी भीतीही दिली होती. हे सारे त्यांनी कालिम्पाँगला तिबेटी गुरू दुद्जोम रिंपोछे यांच्यापुढे मांडले. गुरूंनी सांगितले ते असे : भयंकर दिसले तरी त्याला धरून बसू नका, सुंदर दिसले तरी धरून बसू नका.

१९६६ मध्ये खुद्द केसीही म्हणू लागले की एलएसडीच्या पुढे गेले पाहिजे. तेव्हा त्यांच्यावर गांजाचे खटले चालू होते, म्हणून काहींना ते सोंग वाटले. पण मुद्दा खराच होता : दार उघडून पुन्हा पुन्हा उंबऱ्यावरच उभे राहिले, तर घरात जाणार कधी?

आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगतो. कर्ज काढले की हातातली रोकड वाढते, पण ताळेबंदात तेवढेच देणेही उभे राहते. नफा एका पैशानेही वाढत नाही. गोळीने आलेला आनंद असा उसना असतो. त्याची परतफेड मन आणि शरीर करतात.

मात्र हाच आरसा आपल्याकडेही वळवला पाहिजे. ध्यानात एखाद्या दिवशी प्रकाश दिसला आणि तोच आपण रोज शोधू लागलो, तर आपल्यात आणि त्या तरुणांत फरक किती? पहाटे शांत बसून आठ वाजता मेसच्या काकांवर खेकसणारा मी, कोणत्या तोंडाने मित्राला नावे ठेवू?

म्हणून आता माझे उत्तर एवढेच आहे : "अनुभव कसा आला याबरोबरच, तो ओसरल्यावर मी माणसांशी कसा वागतो ते बघ." आज रात्री झोपण्यापूर्वी हा जमाखर्च तुम्हीही एकदा मांडून पाहा.