निष्कामता कोणाची? आरोग्यसेविकेचे कर्म आणि तिचा मोबदला

सेवेचा मोबदला मागितला की सेवेचे पुण्य उणे होते का, हा प्रश्न धर्मविचारात जुना आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ साली ‘आशा’ ही कार्यकर्ती वस्तीवस्तीत उभी केली, तिला कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटले आणि तिच्या मिळकतीला वेतन न म्हणता मानधन म्हटले. तेव्हापासून हा प्रश्न प्रवचनाच्या मंडपातून निघून शासननिर्णयांत, संपांत आणि न्यायालयांत येऊन बसला आहे. मोबदल्याची मागणी झाली की ‘हे तर सेवेचे काम’ असे उत्तर मिळते, आणि त्या उत्तराच्या पाठीशी निष्काम कर्माचा, म्हणजे फळाची आस न धरता केलेल्या कर्माचा, आदर्श उभा असल्याचे सगळेच गृहीत धरतात. तो आदर्श खरोखर हे उत्तर देतो का, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

पवना नदीकाठचे पिंपळे सौदागर हे काही दशकांपूर्वी शेतीचे गाव होते. आज तेथे हिंजवडीला नोकरीस जाणाऱ्या कुटुंबांच्या सोसायट्या आहेत, आणि त्या सोसायट्यांत धुणीभांडी, स्वयंपाक व पहारा करणारी माणसे आसपासच्या चाळींत, बैठ्या घरांत किंवा बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. अभियानाची शहरी शाखा २०१३ साली सुरू झाल्यावर अशा वस्त्यांसाठीही आशा नेमण्याची तरतूद झाली. साधारण एक हजार ते अडीच हजार लोकवस्तीमागे एक, असे तिचे प्रमाण ठरले. गरोदर स्त्रियांची नोंद, लसीकरणाला बोलावणे, क्षयरोग्याच्या गोळ्यांवर लक्ष, तिशीपुढच्यांची मधुमेह-रक्तदाबासाठी प्राथमिक चाळणी ही तिची कामे. त्याच परिसरात वृद्धांना सांभाळण्यासाठी ब्युरोमार्फत मावशी येते आणि तिचा बारा तासांचा व चोवीस तासांचा दर ठरवताना कोणालाही धर्मसंकट पडत नाही, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. रुग्णसेवा दोन्हीकडे आहे. पुण्याची भाषा मात्र जेथे पैसे सरकारने द्यायचे आहेत तेथेच ऐकू येते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कर्त्याचा अधिकार कर्मापुरता मानला आहे, फळावर नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी या विचाराचा अर्थ संन्यासाकडून कर्मयोगाकडे वळवला व लोकसंग्रहाला, म्हणजे समाजाची धारणा टिकवणाऱ्या कर्माला, मध्यवर्ती स्थान दिले. या परंपरेत निष्कामता ही कर्त्याच्या स्वतःच्या चित्ताची अवस्था आहे. ती साधकाने स्वतःपुरती साधायची असते, आणि एकाने दुसऱ्याकडून ती वसूल करावी अशी सोय तिच्यात कोठेही नाही. शिवाय तिसऱ्या अध्यायात कर्मावाचून देहाचा निर्वाहही चालणार नाही असे म्हटले आहे, त्यामुळे कर्म आणि उपजीविका यांचा संबंध या ग्रंथाने नाकारलेला दिसत नाही.

प्रत्यक्ष व्यवस्थेकडे पाहिले तर विसंगती अधिक ठळक होते. आशाच्या मिळकतीचा मोठा भाग कामागणिक मोबदल्याचा असतो: संस्थात्मक प्रसूतीसाठी एक रक्कम, चाळणीच्या अर्जासाठी दुसरी, बाळाच्या गृहभेटींसाठी तिसरी. नवजात बाळाच्या घरगुती देखभालीच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची, आणि २५० रुपये मिळण्यासाठी बाळाचे वजन, जन्मनोंदणी व लसीकरण यांच्याबरोबर बेचाळिसाव्या दिवसापर्यंत माता व बाळ सुखरूप असण्याचीही अट घातली गेली. याचा अर्थ असा, की तिने सहाही भेटी चोख दिल्या आणि तरी बाळ दगावले, तर तिचे कर्म हिशेबात धरले जाणार नव्हते. फळ आपल्या हाती नसते ही गीतेची भूमिका मान्य असलेल्या समाजात फळावर पैसे टांगणारी ही अट कोणालाही अधार्मिक वाटली नाही, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. ठरलेला मासिक पगार हाच वास्तविक निष्काम कर्माला अधिक अनुकूल आहे, कारण तो मिळाला की प्रत्येक भेटीची किंमत मनात मोजत राहण्याची गरज उरत नाही, आणि ज्या कामाला दरच नाही, उदाहरणार्थ मारहाण सोसणाऱ्या बाईजवळ तासभर बसणे, तेही तिला मोकळ्या मनाने करता येते.

पिंपळे सौदागरपासून फार दूर नसलेल्या देहूची एक परंपरागत कथा या संदर्भात विचारात घ्यावी लागते. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याआधी त्यांनी खतांची वाटणी केली, धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हवाली केला आणि केवळ स्वतःचा अर्धा पाण्यात सोडला, हा तपशील कथेच्या झगमगाटात मागे पडतो. वैराग्य स्वतःच्या वाट्याचे असते. भावाच्या वाट्याचे वैराग्य करण्याचा हक्क तुकोबांनीही घेतला नाही.

बौद्ध परंपरेने हाच पेच अधिक नेमकेपणाने सोडवलेला आहे. विनयपिटकातील महावग्गात आजारी भिक्षूच्या शुश्रूषेचा प्रसंग येतो, आणि शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगताना औषध सिद्ध करण्याची पात्रता व पथ्यापथ्याचे ज्ञान यांच्या जोडीला लाभाच्या लोभाने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा करणे हाही गुण गणला आहे. तेवढ्यावर तो ग्रंथ थांबत नाही. भिक्षू मरण पावल्यास त्याच्या चीवर-पात्राचा, म्हणजे वस्त्रांचा व भिक्षापात्राचा, स्वामी संघ असला तरी शुश्रूषा करणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत, म्हणून संघाने ते त्यांना द्यावे, आणि सेवा करणारा नुसता श्रामणेर म्हणजे पूर्ण दीक्षा न झालेला नवशिका असला तरी त्याला बरोबरीचा वाटा द्यावा, अशी अनुज्ञा तेथे आहे. लोभ न धरणे हे सेवकाचे शील आणि वाटा देणे हे संघाचे कर्तव्य. दोन्ही बंधने वेगवेगळ्या खांद्यांवर आहेत, आणि एकाच्या शीलाचा हवाला देऊन दुसऱ्याला कर्तव्यातून सुटता येत नाही.

प्रशिक्षणाचा प्रश्नही याच विचाराच्या कक्षेत येतो, कारण गीतेने कर्मातील कौशल्याला योग म्हटले आहे आणि चरकसंहितेने चिकित्सेच्या चार आधारांपैकी एक असलेल्या परिचारकाच्या गुणांत उपचारांचे ज्ञान पहिले ठेवले आहे. स्वामीवरचा अनुराग त्यानंतर येतो. महाराष्ट्रात हे प्रत्यक्ष उतरले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात निरक्षर, अनेकदा दलित स्त्रिया गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. गीतेच्या अठराव्या अध्यायात इतरांची सेवा हे शूद्रांचे स्वभावसिद्ध कर्म ठरवले आहे. या स्त्रियांनी त्या नेमणुकीचा अर्थच उलटा केला, कारण आता त्या सांगत होत्या आणि गाव ऐकत होते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यापर्यंत शिकवले. ३९ गावांतील त्या कामाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत नवजात बालमृत्यूत ६२ टक्के घट नोंदली गेली, आणि पुढे देशभरच्या गृहभेटींची योजना त्यावरच बेतली गेली.

या शिक्षणानंतर पुढची पायरी मागणे ही आसक्ती ठरते का? वरची जागा मिळाल्यावर अधिक नेमके काम करता येणार असेल, तर तिची इच्छा लोकसंग्रहाच्या आड येत नाही. डॉक्टरने एमडी व्हावे याला कोणी आसक्ती म्हणत नाही, मग आशाताईंच्याच बाबतीत ही शंका का यावी? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आणि त्या कायद्यापुरते मानधन हे वेतनच मानले. तो निकाल आशांचा नव्हे, पण त्याची दिशा उघड आहे. महाराष्ट्रात २०२३ च्या संपानंतर मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने आशांच्या मानधनात पाच हजारांची वाढ मंजूर केली. मिळकत अशी हलली, बढतीची वाट मात्र गटप्रवर्तकाच्या, म्हणजे काही आशांवर देखरेख करणाऱ्या कार्यकर्तीच्या, पदापाशी जवळजवळ संपते. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदासाठी बीएएमएस किंवा नर्सिंगची पात्रता लागते. आशाची निवड २५ ते ४५ या वयात होते, तर एएनएमच्या, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेच्या, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावी उत्तीर्ण व पस्तिशीच्या आतली उमेदवार लागते. त्यामुळे वस्तीत दहा वर्षे काढून जी खरी तयार झालेली असते, ती नेमकी त्याच सुमारास प्रवेशाला अपात्र ठरते.