तासभर जमीन

हल्ली रोज सकाळी मोबाईलवर थोरामोठ्यांचे विचार येतात. फुलाचं चित्र, खाली सुप्रभात आणि वर कसं जगावं याचे चार नियम. वाचून बरं वाटतं, नाही असं नाही. पण आमच्या घरातली म्हातारी माणसं असं काही सांगत नव्हती. माणदेशात पावसाची वाट बघत बसलेला माणूस मुळात बोलतोच कमी. ती काय करतात ते बघायचं आणि पुढं चाळीस वर्षं त्याचा अर्थ लावत बसायचं, असं आमचं शिक्षण.

आमच्या शेताच्या पश्चिमेला तीनशे फूट लांबीचा बांध आहे. त्यावर दोन बोरी, एक लिंब, आणि पाऊस झाला तर पवना गवत. 1972 च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. आई आणि आबा पाझर तलावाच्या कामावर जायचे, मी शाळा बुडवून शेरडं राखायचो. त्या साली रानात हिरवं काही नव्हतंच. बांधावरच्या लिंबाचा पाला आणि उपळलेलं वाळकं गवत, एवढ्यावर आमची गाय जगली. म्हणून बांध म्हणजे नुसती हद्द, असं मला कधी वाटलं नाही. माती अडवतो, पाणी थोपवतो, सावली देतो. शहरातल्या वाचकाला हे सांगायला लागतं, गावाकडच्याला नाही.

तर या बांधापलीकडचा शेतकरी दर नांगरटीला एक तास आमच्या अंगाला घ्यायचा. तास म्हणजे नांगराची एक ओळ. रुंदी वीतभर. वीतभर जमिनीनं काय होतं? दहावीला माझं गणित काठावर सुटलं, पण हे गणित मी केलंय. नऊ इंच गुणिले तीनशे फूट, म्हणजे सव्वादोनशे चौरस फूट. पाच वर्षांत गुंठाभर रान जातं, आणि कुणी चोरी केली असं म्हणताही येत नाही.

आमचा आज्जा हे बघायचा आणि गप्प बसायचा. आबा चिडायचे.

"दादा, तुम्ही काय बोलणार हाय का न्हाय?"

"आरं, त्याच्या घरात खाणारी नऊ तोंडं हायती."

"मग आपल्या घरात काय देव जेवत्यात?"

आज्जा चिलीम झाडायचा आणि उठून जायचा. एकदाच म्हणाला, "आपला बैल हिरीत पडला तवा कासरा घिऊन पयला कोण उतरला व्हता, इचार तुझ्या आईला."

लहानपणी मला आज्जा संतासारखा वाटायचा. आता तसं वाटत नाही. आज्ज्यानं जे सोडलं ते त्याचं एकट्याचं होतं का? त्याला ते वाडवडिलांकडून आलं होतं आणि पुढं आबांकडं, माझ्याकडं यायचं होतं. पुढच्याच्या ताटातलं काढून उदार होणं सोपं असतं. शिवाय सोसणाऱ्याला कोरायची लोकांना सवय लागते, हे आबांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आज्ज्यानं हिशेब ठेवला नव्हता, असंही नाही. त्याच्या हिशेबात गुंठ्याशेजारी तो कासरा पण होता, एवढंच.

आज्जा गेल्यावर आबांनी मोजणी आणली, मग केस केली. तारखेला तालुक्याला जायचं, झाडाखाली बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. अकरा वर्षं. मधे एक बैलजोडी विकली. केस जिंकली आणि हद्दीचे दगड रोवले गेले. ज्याच्याबरोबर मी एका बाकावर बसलो तो त्यांचा पोरगा त्यानंतर वाटेत भेटला तर बोरीकडं बघून पुढं जायला लागला. आबा गेले तेव्हा त्याचा म्हातारा बाप आला, लांब लिंबाखाली उभा राहिला आणि कुणाशी न बोलता परत गेला.

दोघांतलं बरोबर कोण? बरीच वर्षं मला वाटायचं, हा प्रश्न त्या दोघांचा आहे, मी बाजूचा. मग माझीच पाळी आली.

आमच्या पूर्वेला भावकीतली एक काकी होती. नवरा लवकर गेलेला, पोरगा पुण्याला कंपनीत. एका उन्हाळ्यात मी ट्रॅक्टर लावला होता. कडेनं येताना पलटी नांगराचा फाळ काकीच्या बांधात घुसला. मी शेडात चहा पीत होतो. मी बघितलं. हाक मारली असती तर ड्रायव्हरला ऐकू गेली असती. मी चहा संपवला.

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी पण तेच. ट्रॅक्टरवाल्याला मी काही सांगितलं नव्हतं, आणि हेच मी स्वतःला सांगत राहिलो.

तिसऱ्या वर्षी काकी शाळवाचा हुरडा घेऊन दारात आली. बसली, पाणी प्याली. जाताना म्हणाली, "बाळा, बांधावरची बोर हलाय लागलीया. मुळं उघडी पडल्यात. सवड झाली तर तेवढी माती लाव."

जमिनीचा शब्द काढला नाही. काढला असता तर मी भांडलो असतो, मोजणी आण म्हणालो असतो. आबांचाच नातू-लेक मी, केसकचेरीची भाषा मला येत होती. पण बोरीच्या मुळावर मला काही बोलता येईना. तो हुरडा घरात सगळ्यांनी खाल्ला, मला गेला नाही.

फावडं आणि घमेलं घेऊन मी माती ओढायला लागलो. दुसऱ्या दिवशी बायको मदतीला आली. कंबर धरून म्हणाली, "ट्रॅक्टरला दोन मिन्टं लागली, तुमाला दोन दिस लागलं."

पण खरं लिहायचं तर सगळं लिहायला पाहिजे. तीन तासांतले दोनच परत गेले. तिसऱ्या तासात मी डाळिंबाच्या ठिबकची मोठी पाईप पुरली होती. ती उकरायची म्हणजे खर्च, आणि बाग तेव्हा बहाराला. काकी आली, बोर बघितली, माती पायानं दाबली आणि म्हणाली, "लई केलंस." तिला तिसरा तास दिसला नसेल असं मला वाटत नाही. जन्म त्या रानात गेलेली बाई.

आज्ज्याचं गप्प बसणं कसलं होतं, हे मला त्या दिवशी पलीकडच्या बाजूनं कळलं. म्हणजे आमचा शेजारीही कधी रात्री जागा राहिला असेल का? असेल किंवा नसेल. मी त्याला विचारायला हवं होतं. तोही आता राहिला नाही.

काकी दोन वर्षांमागं गेली. परवा तिच्या पोराचा फोन आला. जमिनीची वाटणी आहे, बहिणी येणार आहेत, बांध कुठून कुठपर्यंत ते त्याला नीट आठवत नाही. म्हणाला, "अण्णा, तुम्ही दाखवाल ती हद्द. मोजणी कशाला आणायची आपल्यात?"

बायकोनं विचारलं, काय म्हणत होता? मी म्हणालो, रविवारी येतोय.

पाईप उकरायला शनिवारी गडी सांगितलाय.